खंडेनवमीची फळी

सरलाबाईंना काही कळकट दिसलं की ते घासल्याशिवाय चैन पडत नसे. खिदिरपूरच्या गोदीपासून हाकेच्या अंतरावर, कस्टमच्या क्वार्टर्समध्ये, त्यांनी चोवीस वर्षं संसार केला होता आणि ती चोवीसही वर्षं कोळशाच्या धुळीशी त्यांची लढाई चालू होती. धूळ रोज येई, सरलाबाई रोज पुसत. दोघींपैकी माघार कुणीच घेतली नव्हती. त्यात खंडेनवमी म्हणजे तर हक्काचा दिवस. घरातली हत्यारं पूजायची, मग ती आधी लखलखीत नकोत का?

त्या गुरुवारी सकाळी त्यांनी विळी घासली, अडकित्ता घासला, शिवणाची कात्री घासली. जहाजावरून उतरलेला माल तपासायला त्यांचे यजमान श्यामराव जे भिंग वापरत, ते पुसलं. मग लेकीचं हत्यार कोणतं, असा विचार करत त्यांनी सुनीतीचा खण उघडला. वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक लाकडी फळी तिथे होती. टेबल टेनिसच्या बॅटीचीच, पण वर रबर नसलेली, उघडीबोडकी. तिच्यावर पेन्सिलीच्या रेघा होत्या, अंगठ्यांचे डाग होते, कडेला कसला तरी चिकट थर होता. असली वस्तू देवापुढे ठेवायची तरी कशी? सरलाबाईंनी ती कोमट पाण्यात बुडवली, साबण लावून काथ्याने खसाखसा घासली आणि खिडकीत उन्हाला ठेवून दिली.

दुपारी एकच्या सुमाराला, वाळली का ते बघायला, त्यांनी फळी उचलली, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. फळीचे थर सुटले होते. भिजलेल्या वहीची पानं फुगावीत तशा कडा उलगडल्या होत्या. दाबून पाहिलं, पुन्हा उघडल्या.

फळी साधीसुधी असती तर गोष्ट वेगळी. पण रविवारी बंगालच्या महिला संघाची निवड होती. पाच मुली ठरल्यासारख्याच होत्या. सहाव्या जागेसाठी सुनीती आणि रुमा घोषाल यांच्यात एकच सामना व्हायचा होता. जिंकेल ती संघात, हरेल ती घरी. सुनीती रुमाकडून आजवर तीनदा हरली होती. रुमाच्या चेंडूला भयंकर फिरक असे, आणि तो बॅकहँडला आला की सुनीतीच्या बॅटीवरून कुठल्या कुठे उडे. त्यावर उपाय म्हणून सरलाबाईंच्या भावाने, जहाजावर इंजिनियर असलेल्या मनोहरने, जपानहून एक रबर आणून दिलं होतं. श्यामरावांनी मेव्हण्याला पाणी विचारायच्या आधी विचारलं होतं, "डिक्लेअर केलंस ना रे?"

रबर मोठं नवलाचं होतं. त्याला लांब लांब, मऊ दाणे होते, ब्रशाच्या केसांसारखे उभे. समोरच्याने चेंडूला जी फिरक द्यावी तीच उलटी होऊन त्याच्याकडे परत जाते, असं थोरल्या लेकाने, प्रमोदने, आईला समजावलं, तेव्हा सरलाबाई म्हणाल्या होत्या, "म्हणजे उलट उत्तर देणारं. मग जपानहून कशाला आणलं? घरात होतंच की."

सुनीती तेव्हा हसली नव्हती. हसण्यासारखे दिवसच नव्हते ते. रबर एकच होतं आणि कागदासारखं पातळ. पंक्चरच्या सोल्युशनने एकदा चिकटवलं की ते सुटणार नव्हतं. ओढलं तर फाटणार. तेव्हा ते कसल्या फळीवर बसवायचं, हे एकदाच आणि कायमचं ठरवायचं होतं, आणि त्यावरून बहीण-भावांत महिनाभर जुंपली होती.

प्रमोद थोरला, बँकेत नोकरीला, कॉलेजात असताना स्वतः चांगला खेळलेला. तो म्हणे, "लांब दाणे म्हणजे बचाव. त्याला मऊ, संथ फळी हवी. टेबलापासून दूर उभी राहा, चेंडू परत करत राहा. रुमा वैतागून चुकेल." गार्डन रीचच्या एका चिनी मिस्त्रीकडून त्याने तशी मऊ फळी करवूनही आणली होती, हीच ती.

सुनीतीचं म्हणणं नेमकं उलटं. "मऊ लाकडात चेंडू रुतून बसतो, दादा. मला टेबलाला चिकटून उभं राहायचंय आणि याच दाण्यांनी मारायचंय. त्याला कडक फळी लागते."

"कडक फळीवर हे रबर म्हणजे चेंडू सुसाट बाहेर. लांब दाण्यांनी कोण मारतं?"

"मी मारीन."

रोज जेवताना हेच. वरण निवून जाई, वाद निवत नसे. सरलाबाईंचं मत कुणी विचारलं नव्हतं, पण न विचारता देण्याची त्यांना सवय होती. "दादा सांगतो तसं कर," त्या म्हणत. "जरा सांभाळून घ्यावं माणसाने."

आणि आता ती फळी त्यांच्या हातात भजं होऊन बसली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. श्यामराव गोदीवर, जहाजांना काही दुर्गापूजेची सुट्टी नसते. प्रमोद आणि सुनीती सकाळच्या लोकलने बजबजला गेले होते, तिथल्या एका ज्यूट मिलच्या क्लबात सरावाला. संध्याकाळी सातला सगळ्यांनी मिळून पूजा करायची होती. सरलाबाईंनी घड्याळ पाहिलं, लुगड्याचा पदर खोचला, फळी पंच्यात गुंडाळून पिशवीत टाकली आणि दाराला कुलूप लावलं. कुणाला कळायच्या आत हे निस्तरायचं, एवढं एकच डोक्यात होतं.

बस रांगत होती. रस्त्यात नवे कपडे घातलेली माणसं, प्रत्येक मंडपापाशी ढाकाचे मोठे ढोल, प्रत्येक वळणावर खोळंबा. गार्डन रीचला उतरून मिस्त्रीचं घर सापडेपर्यंत तीन वाजले. प्रमोदच्या बोलण्यातून कानावर पडलेली एक मशीद आणि एक हातपंप, एवढ्या खुणांवर त्यांनी ते शोधून काढलं. मिस्त्री जहाजबांधणीच्या यार्डात सुतार होता. यार्डाला सुट्टी होती, पण हा आपला पडवीत बसून रंधा मारत होता. सरलाबाईंच्या जिवात जीव आला.

त्याने पंचा उलगडला. फळी उलटसुलट केली. नाकाशी नेली.

"पानी में डाला?"

"धोया," सरलाबाई म्हणाल्या.

"लकडी को धोया?"

"साबुन से," त्यांनी खाली बघत पूर्ण कबुली दिली.

मिस्त्रीने त्यांच्याकडे असं पाहिलं की चोवीस वर्षांत त्यांच्या स्वच्छतेचा असा अपमान कुणी केला नव्हता. मग तो कामाला लागला. पात्याने त्याने दोन्ही बाजूंचे वरचे थर सोलून काढले. आतला गाभा शाबूत होता. वर नवे थर बसवायचे, सरस लावायचा, शिकंज्यात आवळून दोन रात्री ठेवायचं. "सनीचर सुबह ले जाना. उसके पहले खोलेगा तो फिर ऐसाच होगा."

शनिवार सकाळ. रविवारी सामना. बसत होतं, जेमतेम का होईना.

मिस्त्रीने कोपऱ्यातून लाकडाचे दोन पातळ पत्रे आणून त्यांच्यापुढे ठेवले. एक पांढरट, हलका, चहाच्या खोक्याला वापरतात तसला. दुसरा लालसर, जहाजाच्या केबिनच्या कामातून उरलेला. बोटाने वाजवला तर नख दुखेल इतका कडक. "पहले ये था," त्याने पांढऱ्याकडे बोट केलं. मग सरसाचं भांडं शेगडीवर ठेवत सहज विचारलं, "खेलनेवाला मारेगा कि रोकेगा?"

महिनाभर जेवताना ऐकलेला प्रश्न, पण तो आपल्याला कुणी विचारेल असं सरलाबाईंना स्वप्नातही वाटलं नव्हतं. उत्तर मात्र तयारच होतं. पांढरा पत्रा लावला की फळी होती तशी होणार. शनिवारी गुपचूप आणून खणात ठेवायची, तोवर काही तरी थाप मारायची. कुणाला पत्ताही लागणार नाही. शिवाय प्रमोदचं मत तेच, आणि त्याला या खेळातलं कळत होतं.

"रोकेगा," त्या म्हणाल्या. "पहलेवाला ही लगाओ."

मिस्त्रीने मान हलवली. पांढरा पत्रा गाभ्यावर धरून कड जुळवली, पेन्सिलीने खूण केली. सरस वितळून त्याचा उग्र वास सुटला. त्याने ब्रश बुडवला.

सरलाबाई त्या ब्रशाकडे बघत राहिल्या. सुनीतीचा खेळ त्यांनी कधी पाहिला नव्हता. पण स्वयंपाकघरात उलथनं हातात घेऊन हवेत फटके मारणारी सुनीती रोज पाहिली होती. ओट्यापाशी सुरुवात करायची आणि फटक्यागणिक पाऊल पुढे टाकत दारापर्यंत जायची. पोरगी कधी एकदा तरी मागे सरकली होती का? आठवेना. आणि त्याहून वाईट गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. "रोकेगा" म्हणताना आपण सुनीतीचा विचार केलाच नव्हता. रविवारचाही नाही. आपली चूक झाकली जावी, एवढ्याचसाठी आपण लेकीची फळी ठरवली. त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत.

"ठैरो!" त्या ओरडल्या.

ब्रश हवेत थांबला. "सरस ठंडा होगा, बौदी. जल्दी बोलो."

लाल पत्रा लावला तर घरी जाऊन सगळं सांगावं लागणार होतं. आणि सुनीती हरली तर ते जन्मभर ऐकावं लागणार होतं.

"मारेगी," सरलाबाई म्हणाल्या. "मेरी लडकी है. मारेगी."

"तो पहले रोकेगा क्यों बोला?"

"डर गयी थी."

मिस्त्रीने पांढरा पत्रा बाजूला सारला. "कडा माल है. संभाला नहीं तो गेंद बाहर. फिर हम को गाली नहीं देना." त्याने लाल पत्र्याला सरस लावला, दोन्ही बाजू बसवल्या आणि शिकंज्याचा स्क्रू आवळला. सरलाबाईंच्या छातीवर कुणी तरी तो आवळत असल्यासारखं त्यांना वाटत होतं. आता बदलायची सोय नव्हती.

त्या घरी पोचल्या तेव्हा तिघंही आलेली होती, शेजाऱ्यांकडची किल्ली घेऊन. सरलाबाई बसमध्ये वाक्य जुळवत आल्या होत्या, पण तोंड उघडायच्या आत सुनीतीच म्हणाली, "आई, वाद मिटला. दादा जिंकला. आज तिथे एकाची कडक बॅट घेऊन खेळून बघितलं. विसातले चौदा चेंडू बाहेर गेले. मऊ फळीच बरी. उद्या दसरा आहे, उद्याच रबर चिकटवून टाकू."

प्रमोद समाधानाने हसला. सरलाबाई दाराजवळच्या स्टुलावर मट्कन बसल्या.

मग त्यांनी सांगितलं. साबण, काथ्या, थर, मिस्त्री, लाल लाकूड, सगळं. फक्त आपण आधी काय म्हणालो होतो, तेवढं त्यांच्या ओठांपर्यंत येऊन परत गेलं. श्यामराव म्हणाले, "अगं, लाकूड कुणी धुतं का?" प्रमोदचा आवाज मात्र चढला. "धुतलं ते धुतलं! पण कडक लावायला तुला कुणी सांगितलं? तुला यातलं कळतं काय? विचारायचं तरी!"

"कुणाला विचारणार होते रे तिथे?"

"मग होतं तसं करून घ्यायचं! उद्या दुसरी करायला टाकली तर रविवार सकाळशिवाय मिळणार नाही, आणि नऊला सामना आहे. तिच्या निवडीचं तू वाटोळं केलंस, आई."

सुनीती हळू आवाजात म्हणाली, "मी दादाला हो म्हटलं होतं गं."

पूजा झाली. विळीला, अडकित्त्याला, भिंगाला गंध लागलं. खिरीला कुणी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी दसरा होता, पण घरात मोठ्याने कुणी बोललं नाही.

शनिवारी प्रमोदने फळी आणली. सुनीतीने ती हातात तोलली, कानाशी धरून वाजवली, टेबलावर ठेवली. बाजूला ते एकुलतं एक रबर, आणि त्याच्या शेजारी तिची जुनी बॅट, जिने ती रुमाकडून तीनदा हरली होती. घरातली तिघंही तिच्याकडे बघत होती. सरलाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पुढे यायची त्यांची हिंमत नव्हती.

"जुनीच घे," प्रमोद म्हणाला. "निदान ओळखीची आहे."

"जुनीने काय होतं ते मला माहीत आहे, दादा." सुनीतीने सोल्युशनच्या ट्यूबचं झाकण काढलं. तिने फळीवर लेप दिला, तो सुकेपर्यंत थांबली, आणि श्वास रोखून रबर एका कडेपासून दाबत नेलं.

रविवारी सरलाबाई आयुष्यात पहिल्यांदा सामना बघायला गेल्या. घरी बसणं शक्यच नव्हतं. हॉलमध्ये जेमतेम साठ माणसं असतील, बहुतेक रुमाच्या बाजूची. एका कोपऱ्यात निवड समितीचे तिघे वह्या घेऊन बसले होते. एकवीस गुणांचा गेम, तीनपैकी दोन जिंकायचे.

पहिला गेम बघवत नव्हता. रुमाने सर्व्हिस करावी, सुनीतीने फळी लावावी आणि चेंडू टेबल ओलांडून भिंतीकडे जावा. चार चेंडू गेले, सहा गेले. मग सुनीतीने मारणं सोडलं. ती मागे सरकली, आणखी मागे, आणि नुसती फळी आडवी धरून चेंडू अडवू लागली. तरी चेंडू बाहेरच. बारा-एकवीस. सरलाबाईंनी हातातल्या रुमालाचा बोळा केला होता. लाल लाकूड, लाल लाकूड, एवढंच त्यांच्या डोक्यात घुमत होतं. आपणच केलं हे.

गेम संपल्यावर सुनीती पाणी प्यायला आली. आईकडे तिने पाहिलं नाही. प्रमोद उठला. आता पोरीला काही तरी बोलणार, असं वाटून सरलाबाई धास्तावल्या. पण तो खाली बसून तिच्या तोंडाजवळ तोंड नेत म्हणाला, "सुनी, तू माझा खेळ खेळतेयस. मागे जाऊन अडवायचं हा माझा खेळ. या फळीने तो व्हायचा नाही. पुढे जा."

"बाहेर जातायत, दादा."

"मागून तरी कुठे आत पडतायत? टेबलाला पोट लाव. उसळला की लगेच मार."

प्रमोदने हे म्हणायला काय गिळलं असेल, ते सरलाबाईंना कळलं. महिनाभराचा वाद त्याने एका वाक्यात सोडून दिला होता.

दुसऱ्या गेमचे पहिले दोन फटके बाहेर गेले. तिसरा जाळ्यावरून सरपटत गेला आणि टेबलावर पडून असा काही खाली बसला की रुमाने उचललेला चेंडू जाळ्यात. रुमाने आपल्या बॅटीकडे पाहिलं. पुढच्या वेळी तिने जास्त फिरक दिली, तर तो आणखी विचित्र होऊन परत आला. सुनीती आता टेबलाला खेटून होती आणि प्रत्येक फटक्याबरोबर तिचं पाऊल पुढे पडत होतं. सगळेच काही आत पडत नव्हते. तिनातला एक वाया जात होता. पण उरलेल्या दोनांचं काय करावं, ते रुमाला कळत नव्हतं. एकवीस-सतरा. निवड समितीतल्या एकाने चष्मा पुसून पुन्हा लावला.

तिसऱ्या गेममध्ये सरलाबाईंना श्वास घ्यायचंही सुचेना. रुमा शहाणी होती. तिने फिरक कमी केली, चेंडू संथ द्यायला लागली, जेणेकरून उलट जायला काही उरूच नये. दहा-चौदा. सुनीतीने त्या संथ चेंडूंवरही हात टाकला. चौदा-सोळा. अठरा-अठरा. वीस-वीस. श्यामरावांनी डोळे मिटून घेतले होते. एक फटका रुमाच्या कोपऱ्यात सुटला. एकवीस-वीस.

रुमाने चेंडू फिरवून सुनीतीच्या बॅकहँडला दिला, खोल आणि वेगात. क्षणभर सुनीती जागीच डळमळली. मग ती पुढे झाली आणि मनगट न वळवता तिने सपाट फटका मारला. चेंडू पलीकडच्या कडेच्या चार बोटं आत पडला. रुमाची बॅट त्याच्या वरून गेली.

त्यानंतर काय झालं, ते सरलाबाईंना नीट आठवत नाही. श्यामराव उभे राहून टाळ्या वाजवत होते; रुमाने येऊन हात मिळवला; एका वहीत नाव लिहिलं गेलं, तेही मोठ्याने वाचून. आणि मग घामाने निथळणारी सुनीती समोर येऊन त्यांना घट्ट बिलगली.

"आई," ती त्यांच्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाली, "दादा नको म्हणत होता, मी स्वतः कच खाल्ली होती. तुझ्या एकटीचा तेवढा विश्वास होता माझ्यावर."

किती सोपं होतं गप्प राहणं. लेकीच्या पाठीवरून हात फिरवायचा, बस. मिस्त्री काही सांगायला येणार नव्हता.

"नव्हता गं," सरलाबाई म्हणाल्या. "मी आधी मऊच सांगितली होती. म्हणजे तुम्हाला काही कळलं नसतं. त्याने ब्रशसुद्धा बुडवला होता. मग घाबरत घाबरत बदललं."

सुनीतीने मान वर केली आणि आईकडे बघत राहिली. प्रमोदही बघत राहिला. सरलाबाईंनी नजर खाली वळवली नाही.

"शेवटच्या चेंडूला," सुनीती म्हणाली, "मी अर्धं पाऊल मागे टाकलं होतं. कुणाला दिसलं नाही." तिने हाताच्या पाठीने डोळे पुसले. "मी पण घाबरत घाबरतच पुढे आले, आई."